तुमच्या नावावर दुसऱ्याचा व्यवहार: ओळखचोरीविषयी सातारा-सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखचोरी आणि साधी ऑनलाइन फसवणूक यांत फरक काय?

ऑनलाइन फसवणुकीत खात्यातले पैसे जातात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी मेसेजवरून कळते. ओळखचोरीत दुसराच माणूस तुमचे नाव, आधार, पॅन, फोटो, अंगठा किंवा सही वापरून 'तुम्ही' म्हणून उभा राहतो. तुमच्या नावाने सिमकार्ड घेतो, कर्ज उचलतो, खाते उघडतो, जीएसटीची नोंदणी करतो, सरकारी योजनेचा अर्ज भरतो. त्या दिवशी तुमच्या खिशातून रुपयाही जात नाही, म्हणून पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो पुढे कधीतरी: वसुलीवाल्याचा फोन येतो, ठिबकसाठी मागितलेले कर्ज नामंजूर होते, नाहीतर परराज्यातल्या पोलिसांची नोटीस गावात येऊन पोचते.

आपल्याच भागातले एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू असताना नवी मुंबईतल्या एका महिलेचा अर्ज भरलाच जाईना, कारण तिच्या आधार क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज केलेला होता. शोध घेतला तेव्हा धागा सातारा जिल्ह्यात निघाला. एकाच बाईचे वेगवेगळ्या पेहरावांतले फोटो लावून, वेगवेगळ्या आधार क्रमांकांवर तीस अर्ज भरल्याचे समोर आले आणि गुन्हा नोंद झाला. त्या महिलेने स्वतःचा अर्ज भरायला घेतला नसता, तर आपला क्रमांक कुठे वापरला गेलाय हे तिला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

कुणाला आधार नंबर कळला, तर खाते रिकामे होते का?

एकट्या बारा आकड्यांनी होत नाही. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोराला दोन धागे जुळवावे लागतात. आधार क्रमांक हा एक धागा. दुसरा धागा म्हणजे त्या आधारला जोडलेला मोबाईल (ओटीपीसाठी), किंवा बोटाचा ठसा, किंवा चेहरा. दुसरा धागा हाती नसेल तर पहिला बहुतेक ठिकाणी नुसता कागदावरचा आकडा राहतो. अपवाद म्हणजे जिथे कर्मचारी पडताळणी न करता नुसत्या झेरॉक्सवर काम उरकतात ती ठिकाणे. तिथे झेरॉक्स, फोटो आणि खोटी सही एवढ्यावर भागते.

आधार क्रमांक आजवर शंभर ठिकाणी देऊन झालाय, तो परत गोळा करता येणार नाही. त्याची धास्ती घेण्यापेक्षा दुसरा धागा सांभाळा. मोबाईल नंबर स्वतःच्या ताब्यात, अंगठा कुलपात, आणि झेरॉक्सवर ती कशासाठी दिली हे लिहिलेले. पुढचे बहुतेक प्रश्न या तीन गोष्टींचेच आहेत.

झेरॉक्सच्या दुकानात 'व्हॉट्सॲपला टाका' म्हणतात. टाकावे का?

काउंटरवर नेमके काय होते ते पाहा. तुम्ही आधार आणि पॅनचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवता. दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप कायम उघडे असते. फाइल 'डाउनलोड'मध्ये उतरते, प्रिंट निघते, तुम्ही दहा रुपये देऊन निघता. फाइल तिथेच राहते, तुमच्या नावासकट आणि मोबाईल नंबरसकट. म्हणजे आधार, पॅन, फोटो आणि मोबाईल नंबर एका जागी, आणि त्या संगणकावर दिवसभरात चार पोरे बसणार. दुकानदार भला माणूस असला तरी हा साठा उघड्यावरच असतो.

पर्याय सोपा आहे. शक्य असेल तिथे मूळ कार्ड नेऊन समोर झेरॉक्स काढा. फाइल पाठवावीच लागली तर मास्क केलेले आधार पाठवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. मायआधार संकेतस्थळावरून ई-आधार उतरवताना मास्कची खूण केली की तशी फाइल मिळते. प्रिंट निघाल्यावर दुकानदाराला समोरच फाइल काढून टाकायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. आणखी एक: ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. तुमचे नाव आणि वय माहीत असलेल्या कोणालाही ती उघडता येते, त्या पासवर्डवर विसंबू नका.

महा ई-सेवा केंद्रात दाखला किंवा शेतकरी ओळख क्रमांक काढताना ओटीपी सांगावा लागतो, ते रीतसरच आहे. फक्त मेसेज स्वतः वाचा. तो कोणाकडून आला आणि कशासाठी, हे त्यात लिहिलेले असते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलात आणि मेसेज कर्जाच्या ॲपचा किंवा नव्या सिमचा असेल, तर आकडा सांगू नका.

झेरॉक्सवर नेमके काय लिहायचे?

कोपऱ्यात सही करून उपयोग नाही, कोपरा कापता येतो. फोटोच्या कडेवरून मजकुरावर आडवे लिहा: 'फक्त अमुक पतसंस्थेत ठेव खाते उघडण्यासाठी', खाली तारीख आणि सही. फोटो आणि नंबर वाचता आले पाहिजेत, पण शाई त्यांच्यावरून गेली पाहिजे. निळे बॉलपेन वापरा, म्हणजे मूळ लिखाण आणि झेरॉक्सची झेरॉक्स लगेच वेगळी ओळखू येते. कोऱ्या फॉर्मवर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा देऊ नका. सोसायटीत, पतसंस्थेत, बचत गटात 'बाकीचे आम्ही भरतो' असे प्रेमाने म्हणतात. तुमच्यासमोर भरू द्या, पाच मिनिटे जातील.

महाबळेश्वर-पाचगणीला लॉजवर आधार मागतात. द्यावेच लागते का?

ओळखपत्र दाखवावे लागते, ते आधारच असावे असे नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र द्या. आधारच द्यायचे तर मास्क केलेले. लॉज चालवणाऱ्यांनीही रजिस्टरमध्ये बाराच्या बारा आकडे लिहून ठेवू नयेत. ते रजिस्टर काउंटरवर सगळ्यांसमोर उघडे पडलेले असते.

अंगठ्यावर पैसे निघतात, त्यात धोका कुठे आहे?

आधारवर चालणाऱ्या या सोयीत गावातल्या बँकमित्राकडे आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. एका व्यवहाराची मर्यादा साधारण दहा हजार रुपये. म्हाताऱ्या माणसांसाठी ही फार मोठी सोय आहे, ती वाईट म्हणून सोडून द्या असे आम्ही कधीच सांगणार नाही.

चोरी दोन प्रकारे होते. पहिला प्रकार ठशाच्या नकलेचा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात आणि जुन्या दस्तांना आधारची झेरॉक्सही जोडलेली असते. अशा ठशांवरून रबर किंवा सिलिकॉनचे बोट बनवून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघडकीला आले. त्यामुळे २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे तपासणारी दुहेरी पडताळणी आणली. दुसरा प्रकार जास्त साधा आणि जास्त घडणारा. मशीनवर अंगठा ठेवल्यावर 'उठला नाही, पुन्हा ठेवा' असे सांगितले जाते. पहिलाच ठसा लागलेला असतो. दुसऱ्या वेळी आणखी दोन हजार निघतात आणि आजीच्या हातात पडतात फक्त पहिले दोन हजार.

म्हणून प्रत्येक अंगठ्याची छापील पावती मागा, फेल झालेल्या व्यवहाराचीही. पावतीवर शिल्लक रक्कम असते ती वाचा. मेसेज येण्यासाठी बँकेत मोबाईल नंबर जोडलेला असायला हवा. बऱ्याच ज्येष्ठांच्या खात्याला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो आणि चोरी महिनोन्‌महिने कळत नाही.

बायोमेट्रिक लॉक म्हणजे काय? मग रेशन मिळेल का?

बायोमेट्रिक लॉक केला की तुमच्या आधारवर बोट, बुबुळ आणि चेहरा यांची पडताळणी बंद होते. ओटीपीची चालूच राहते. मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या अधिकृत ॲपमध्ये, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी घेऊन दोन मिनिटांत हे होते. पैसे लागत नाहीत.

रेशनच्या दुकानात अंगठा मशीनवर लागतो, तिथे लॉक असेल तर 'पडताळणी अयशस्वी' येणार. नवे सिम घेताना आणि नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतानाही तेच. त्यासाठी तात्पुरते अनलॉक करता येते, ते दहा मिनिटे टिकते आणि मग आपोआप पुन्हा कुलूप लागते. दुकानाच्या रांगेत आपला नंबर जवळ आला की अनलॉक करा, घरून निघताना नको.

आमचे मत सांगायचे तर, जो माणूस दर महिन्याला अंगठ्यावर रेशन आणि पैसे घेतो आणि स्वतः स्मार्टफोन चालवत नाही, त्याच्यावर लॉक लादू नका. दर वेळी नातवाला शोधावे लागेल. अशा माणसाच्या बाबतीत पावती आणि मेसेज या दोन गोष्टींवर भर द्या. बाकी सगळ्यांनी लॉक आजच करून टाकावा.

मायआधारवर पडताळणीचा इतिहासही दिसतो: गेल्या सहा महिन्यांत तुमचे आधार कोणत्या संस्थेने, कधी, ओटीपीने की बोटाने तपासले. यादीत पन्नासपर्यंत नोंदी येतात. जत किंवा आटपाडीच्या माणसाच्या यादीत ज्या दिवशी तो शेतात होता त्या दिवशी अनोळखी संस्थेची बोटाची नोंद असेल, तर तारीख-वेळेचा स्क्रीनशॉट घ्या आणि लॉक लावा.

माझ्या नावावर किती सिम आहेत ते कसे पाहायचे?

दूरसंचार विभागाचे 'संचार साथी' संकेतस्थळ किंवा ॲप उघडा. तुमच्या नावावरची मोबाईल कनेक्शने पाहण्याचा पर्याय निवडा, मोबाईल नंबर आणि ओटीपी टाका, यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' असे निवडा. जुना, विसरलेला नंबर असेल तर 'गरज नाही'. तक्रारीचा संदर्भ क्रमांक मिळतो, त्यावरून पुढे काय झाले ते पाहता येते. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात.

ही खोटी सिमे बहुतेक वेळा घेतली जातात कशी? यात्रेत किंवा बाजारात छत्रीखाली सिम विकणारा फोटो काढतो, अंगठा घेतो, 'नेटवर्क गेलं, परत करू' म्हणतो. एक सिम तुमच्या हातात येते, दुसरे त्याच्या खिशात जाते. त्या दुसऱ्या सिमवरून पुढे कोणाला तरी लुटले जाते आणि पोलिसांच्या कागदावर नाव येते तुमचे. महिना-दोन महिन्यांनी एकदा ही यादी पाहायला दोन मिनिटे पुरतात.

मोबाईलची रेंज अचानक गेली आणि येतच नाही. काळजी करावी का?

डोंगरी भागात, पाटण-जावळीकडे, रेंज जाणे नेहमीचे आहे. पण शेजारी बसलेल्याला त्याच कंपनीची रेंज आहे आणि तुमच्या फोनवर 'सेवा नाही' आहे, फोन बंद-चालू करूनही तेच, तर कोणीतरी तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम घेतलेले असू शकते. मग ओटीपी त्याच्याकडे जातात. लगेच दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा की या नंबरचे सिम आज बदलले आहे का. उत्तर 'हो' आले तर ते बंद करायला सांगा आणि त्याच मिनिटाला बँकेला फोन करून खाते गोठवा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, त्यामुळे चोराचा एक मार्ग बंद झाला आहे, सगळे नाहीत.

आम्ही गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे वर्षानुवर्षे बाहेरच्या राज्यात असतो. जुना नंबर बंद आहे. काय बिघडते?

खूप बिघडू शकते. खानापूर, विटा, आटपाडीकडच्या हजारो कुटुंबांचा हा प्रश्न आहे. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. आधार, बँक आणि पॅनला तो जुना नंबर तसाच राहिला तर तुमचे ओटीपी एका परक्याच्या फोनवर जातात. तो माणूस चोर असेलच असे नाही, पण दुसरा धागा आपण होऊन त्याच्या हातात दिलेला असतो.

क्रम असा ठेवा: आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर जोडा. ऑक्टोबर २०२५ पासून यासाठी ७५ रुपये शुल्क आहे, पावती घ्या, देशातल्या कोणत्याही आधार केंद्रात होते. मग बँक आणि पतसंस्था, मग पॅन आणि आयकर खाते, शेवटी गॅस आणि ईमेल. जुना नंबर हे सगळे होईपर्यंत रिचार्ज करून जिवंत ठेवा. तो आधी बंद पडला तर प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन अर्ज द्यावा लागतो, आणि चेन्नईहून विट्याला फक्त त्यासाठी यावे लागते.

'पीएम किसान', 'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका' अशा नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली. उघडली तर?

नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते बसवताना मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की तुमचे ओटीपी आपोआप दुसरीकडे जातात आणि तुमच्याच व्हॉट्सॲपवरून गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तीच फाइल फिरते. म्हणून ती ओळखीच्या माणसाकडून, सरपंचांकडून किंवा सरांकडून आलेली असते. फाइल नुसती आली आणि बसवली नाही तर काही होत नाही, काढून टाका. बसवली असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, यूपीआय बंद करा, मग ते ॲप काढा. ते निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. यूपीआय पिन आणि नेट बँकिंगचा पासवर्ड नंतर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला.

बँकेचे संकेतस्थळ उघडताना पत्ता पाहा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायचे होते.

माझ्या नावावर कोणी कर्ज काढले असेल तर कसे कळेल?

कोणाच्या नावावर कोणते कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या देशात आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौघींचा एकदम काढू नका. जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरी, जुलैत तिसरी, ऑक्टोबरात चौथी असे केले की बाराही महिने नजर राहते आणि खर्च शून्य. अहवाल थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. 'फुकट सिबिल' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंका पॅन गोळा करण्यासाठीच असतात.

अहवालात सगळे आधी स्कोअर पाहतात. तुम्ही तीन वेगळ्या जागा पाहा. पहिली, पत्ते आणि फोन नंबर. तुमचा नसलेला पत्ता किंवा नंबर हे सगळ्यात लवकर दिसणारे लक्षण आहे. दुसरी, चौकशांची यादी. ज्या कंपनीचे नाव कधी ऐकले नाही तिने तुमची पत तपासली असेल, तर कोणीतरी अर्ज केलाय. तिसरी, चालू कर्जखाती. छोटी, तीन-पाच हजारांची कर्जे सोडून देऊ नका. चोर आधी लहान कर्जाने चाचपणी करतो.

चूक सापडली तर दोन कामे एकदम करा. पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा. आणि कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात 'हे कर्ज माझे नाही' एवढेच लिहून थांबू नका. अर्जाची प्रत, जोडलेली ओळखपत्रे, अर्जातला फोटो, ओटीपी गेलेला मोबाईल नंबर आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा क्रमांक मागा. शेवटच्या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा सगळे उलगडते, कारण ते खाते तुमचे नसते. हरकत तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. बँक किंवा फायनान्स कंपनीने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मार्गदर्शनासाठी क्रमांक १४४४८.

एक चूक फार जण करतात: वसुलीवाल्याच्या त्रासाला कंटाळून 'मिटवून टाकू' म्हणून दोन-तीन हजार भरतात. एक हप्ता भरला की कर्ज तुम्ही मान्य केले असा अर्थ पुढे काढला जातो. भरू नका.

बचत गटाच्या नावाखाली घेतलेल्या कर्जांचे काय?

गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांचे एजंट गावात येऊन दहा बायकांचे आधार आणि अंगठे एकाच बैठकीत घेतात. त्यातल्या एखादीला कर्ज 'नामंजूर' झाल्याचे सांगून ते तिच्या नावावर उचलले जाऊ शकते. हे तपासायचे असेल तर क्रिफ हाय मार्कचा अहवाल आधी काढा. या कंपनीची सुरुवातच मायक्रोफायनान्सच्या नोंदींपासून झाली आहे. बैठकीत स्वतःच्या नावाची कर्जमंजुरी किंवा नामंजुरी कागदावर मागा, तोंडी ऐकून उठू नका.

पॅन कार्डचा गैरवापर कुठे दिसतो?

आयकर संकेतस्थळावरच्या वार्षिक माहिती पत्रकात. न घेतलेले व्याज, न केलेली खरेदी दिसली तर त्याच ओळीसमोर अभिप्राय देऊन 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असे कळवता येते. जीएसटीसाठी लॉगिन लागत नाही: जीएसटी पोर्टलवर करदाता शोधा, पॅनवरून शोधा, आपला पॅन टाका. नोकरदार किंवा शेतकरी माणसाच्या पॅनवर दिल्लीतल्या ट्रेडिंग कंपनीची नोंद दिसली, तर पॅनच्या गैरवापराची तक्रार तिथेच करता येते. उशीर केला तर कर थकबाकीची नोटीस तुमच्या नावाने निघते.

मित्राने महिन्यासाठी खाते वापरायला मागितले, पाच हजार देतो म्हणाला. द्यावे का?

नाही. पासबुक, एटीएम आणि सिम असा संच विकत घेणाऱ्या टोळ्यांना कॉलेजची पोरे हवीच असतात. त्या खात्यातून लुटीचे पैसे फिरतात. खाते गोठते आणि चौकशीला तुम्हाला बोलावले जाते. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर पटवून देणे अवघड असते, कारण पाच हजार घेतलेले असतात.

फौजी असल्याचे सांगून ओळखपत्र पाठवले. विश्वास ठेवावा का?

सातारा जिल्ह्यात घरटी फौजी देणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, आणि फौजी म्हटले की आपला माणूस लगेच विश्वास टाकतो. नेमका त्याचाच फायदा घेतला जातो. 'बदली झालीय, गाडी स्वस्तात विकतोय' म्हणून पाठवलेले ओळखपत्र आणि कँटीन कार्ड बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या जवानाचे, चोरलेले असते. इथे दोघे बळी पडतात: पैसे पाठवणारा, आणि ज्याच्या नावाने हे चालले आहे तो जवान. फौजी कुटुंबांना विनंती आहे की ओळखपत्राचा फोटो घरभाड्यासाठी, गाडी विकण्यासाठी कोणालाही पाठवू नका, स्टेटसलाही ठेवू नका.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात काय करायचे?

१९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. लागला नाही तर लावत राहा आणि दुसऱ्याने तोवर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरावी. हाताशी ठेवायचे: खाते क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक आणि समोरच्याचा फोन नंबर. घाई याची असते की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातात आणि एटीएममधून निघतात. मध्ये कुठेतरी गाठले तर गोठवता येतात. एकदा रोख निघाली की हाती लागणे कठीण.

फोनच हरवला असेल तर आधी सिम बंद करा, पोलिसांत तक्रार द्या, त्याच नंबरचे नवे सिम घ्या आणि मग संचार साथीवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी पंधरा आकडी आयएमईआय लागतो. तो फोनच्या खोक्यावर असतो. खोके टाकून दिले असेल तर फोन हातात आहे तोवर, आजच *#०६# दाबून नंबर घरच्या वहीत लिहून ठेवा.

बँक पैसे परत देते का?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याविषयी परिपत्रक काढले. आपल्याकडे सहकारी बँका जास्त, त्यांच्यासाठी १४ डिसेंबर २०१७ ला वेगळे परिपत्रक निघाले. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, असा व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर तुमचे नुकसान शून्य धरायचे. चार ते सात दिवसांत कळवला तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांचा भार तुमच्यावर, जनधनसारख्या मूलभूत खात्याला पाच हजारांचा. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. शाखेत अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

पतसंस्था ही बँक नव्हे, तिला हे नियम लागू नाहीत. तिथली तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्था कार्यालयात द्यायची.

पोलिस म्हणतात, 'पैसे गेले नाहीत तर गुन्हा कशाचा?'

पैसे न जाताही गुन्हा होतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ६६-सी: दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा ओळखीची खूण अप्रामाणिकपणे वापरणे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संगणक किंवा मोबाईल वापरून दुसऱ्याच्या रूपाने फसवले तर ६६-डी. अर्जात ही कलमे लिहा, सोबत पतअहवालाची किंवा सिमच्या यादीची छापील प्रत जोडा, आणि घटना तारीखवार एका पानात मांडा. दोन्ही जिल्ह्यांत सायबर पोलिस ठाणे आहे, पण तक्रार जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. ठाण्यात नोंद घेतलीच नाही, तर तोच अर्ज पोस्टाने जिल्हा पोलिस अधीक्षकांना पाठवा. पोच जपून ठेवा. पुढे कर्ज कंपनी असो की आयकर खाते, प्रत्येक जण आधी हीच पोच मागतो.

घरातले माणूस वारले. त्यांच्या कागदपत्रांचे काय करायचे?

दिवसकार्याच्या धावपळीत हे कोणाच्या मनात येत नाही आणि ते साहजिक आहे. पण गेलेल्या माणसाच्या नावावर काढलेले सिम किंवा कर्ज तपासणारा कोणी उरत नाही, म्हणून चोराला ते सोयीचे पडते. मृत्यूचा दाखला मिळाला की मायआधार संकेतस्थळावर कुटुंबातील व्यक्तीच्या मृत्यूची माहिती द्या. ही सोय जून २०२५ पासून आहे. माहिती देणाऱ्याला आपल्या आधारने लॉगिन करावे लागते आणि दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक टाकावा लागतो. मोबाईल मात्र लगेच बंद करू नका. बँकेतली वारसनोंद, विमा आणि गॅसचे काम होईपर्यंत ओटीपी त्याच नंबरवर येणार आहेत. ती कामे उरकली की सिम कंपनीच्या दुकानात दाखला दाखवून बंद करा. पॅन शेवटचे विवरणपत्र भरून झाल्यावरच परत करायचे. मूळ आधार आणि पॅन कार्डे इतर कागदांबरोबर रद्दीत जाऊ देऊ नका, कात्रीने नंबर आणि फोटो कापून टाका.